कृत्रिम दगडी पृष्ठभाग

दगडाचे खडे, चुरा किंवा खनिजाची भुकटी बंधकात कालवून, दाबून आणि घट्ट करून तयार केलेल्या लाद्या व फळ्या. टेबल, स्वयंपाकाचा ओटा, बाक, दिव्याची बैठक आणि आवरण यांसाठी त्या वापरतात. दगडाचे प्रमाण कितीही जास्त असले, तरी अशा फळीचा स्वभाव बंधकावरून ठरतो. ती उष्णता किती सोसेल, उन्हात पिवळी पडेल का, झिजल्यावर पुन्हा घोटता येईल का, हे सारे सिमेंट, रेझिन किंवा ॲक्रिलिक यांपैकी काय वापरले यावर अवलंबून असते.

पाचगणीसारख्या ठिकाणी हे साहित्य बाहेरून येते, याचे कारण तिथल्या दगडात आहे. टेबललँड या तिथल्या पठाराचा माथा जांभ्याचा, खाली दख्खनचा काळा बसाल्ट. जांभा सच्छिद्र असतो. त्याचे चिरे भिंतीला उत्तम, पण पातळ फळी निघत नाही आणि घोटूनही चकाकी येत नाही. बसाल्टातून पाथरवटांनी पाटे, वरवंटे, जाती घडवली; मात्र या खडकाला सांधे फार असल्याने टेबलाएवढी सलग फळी मिळणे अवघड. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि खाणकामावर निर्बंध आले. त्यामुळे ओट्याला कडप्पा, ग्रॅनाइट आणि आता क्वार्ट्झ, असे सगळेच घाट चढून येते. पावसाळ्यातल्या धुक्यात आणि ओलीत लाकूड फुगते, प्लायवूडचे थर सुटतात. तिथे खनिज फळीचा टिकाऊपणा विशेष उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात या वर्गातला सर्वांत परिचित प्रकार म्हणजे मोझेक. व्हेनिसच्या टेराझोशी त्याचे जवळचे नाते आहे. संगमरवराच्या चिप्स, सिमेंट व रंग यांचा वरचा थर आणि साध्या सिमेंट-वाळूचा खालचा थर साच्यात घालून यंत्राने दाबतात, पाण्यात मुरवतात, मग कार्बोरंडमच्या दगडांनी जाड्या दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत घासतात. मधली छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने बुजवतात आणि शेवटचा हात ऑक्झॅलिक आम्लाचा असतो. सिमेंटच्या लाद्यांचे उत्पादन स्वदेशीच्या काळात रुजले; भारत टाइल्सची सुरुवात 1922 मध्ये उरण येथे झाली. पुढे भारतीय मानक 1237 ने 20, 25 व 30 सेंटिमीटर बाजूच्या चौरस लाद्या प्रमाणित केल्या. फर्निचरमध्ये मोझेक आला तो बागांतल्या आणि एसटी स्थानकांवरच्या बाकांच्या रूपाने, पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थचा मजकूर घेऊन. या बाकांची नोंद अभिकल्पाच्या इतिहासात सहसा होत नाही. ती व्हायला हवी, कारण ऊन-पाऊस सोसून ते दशकानुदशके वापरात राहिले. मोझेक झिजला तर यंत्र मारून पुन्हा नवा करता येतो. हा गुण नंतरच्या बऱ्याच प्रकारांत नाही.

क्वार्ट्झ फळीत वजनाने सुमारे 90 टक्के क्वार्ट्झ आणि उरलेले बहुतांशी पॉलिएस्टर रेझिन असते. निर्वात जागेत कंपन व दाब एकत्र देण्याची पद्धत इटलीतील ब्रेटन कंपनीने विकसित केली. हवेचे बुडबुडे निघून जातात आणि फळी जवळजवळ पाणीच शोषत नाही. म्हणून हळदीचे डाग तिच्यात संगमरवरासारखे मुरत नाहीत. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेला तवा थेट ठेवला तर पांढरट चट्टा पडतो, आणि सततच्या उन्हाने रंग पिवळटतो. त्यामुळे अंगणातल्या किंवा व्हरांड्यातल्या टेबलासाठी ही फळी अयोग्य आहे.

दिव्यांसाठी वेगळा प्रकार सोयीचा ठरतो. ड्यू पाँ कंपनीने 1967 मध्ये आणलेल्या ‘कोरियन’ नावाच्या फळीत ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटची भुकटी सुमारे दोन तृतीयांश आणि ॲक्रिलिक एक तृतीयांश असते. तापवले की ते वाकते, सांधा जोडून घासला की दिसेनासा होतो, आणि फिक्या छटांची फळी पातळ कोरली की तिच्यातून प्रकाश झिरपतो. जाडी कमी-जास्त करून एकाच फळीत उजेड-सावलीची नक्षी साधता येते. पूर्वीच्या तारेच्या दिव्यांची उष्णता अशा आवरणांना त्रासदायक होती. एलईडीमुळे ती अडचण बरीच दूर झाली. मोझेकमधून प्रकाश जात नाही. त्याचा उपयोग टेबलदिव्याच्या जड, न कलंडणाऱ्या बैठकीसाठी होतो.

सिंटर्ड फळीत रेझिन नसतेच. चिनीमाती व खनिजे प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजतात. उष्णता आणि ऊन ती चांगले सोसते, पण कोपऱ्यावर आघात झाला तर टवका उडतो. मोठ्या आकाराच्या पोर्सेलीन फळ्या गुजरातेत मोरबीला बनतात.

क्वार्ट्झ फळीचा गंभीर दोष वापरणाऱ्याला दिसत नाही, तो कापणाऱ्याच्या फुप्फुसात साचतो. कोरड्या कटरने सिंकची जागा कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिकाचे प्रमाण ग्रॅनाइटच्या धुळीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. स्पेन, इस्राएल व ऑस्ट्रेलियात तरुण कारागिरांना तो झाल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या फळ्यांचे उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली. भारतात कारखाने अधिनियम, 1948 ने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता. परंतु घरी येऊन फळी बसवणारा कारागीर कारखान्यात काम करत नसतो. पाणी सोडून, धूळ ओढणारे यंत्र लावून आणि योग्य मुखवटा घालून फळी कार्यशाळेतच कापून आणणे, ही अट घरमालकाने कामाच्या ठरावातच घालावी.