कोणती दिवाळी? : ग्रंथपाल आणि परंपरेचा इतिहास

धायरीत आमच्या शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल राहतात. महाविद्यालयाच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. दिनक्रम मात्र अद्याप ग्रंथालयाचाच आहे. सकाळी वर्तमानपत्रांची कात्रणे, दुपारी पुस्तकांची झाडपूस, संध्याकाळी धायरेश्वराच्या दिशेने फेरी. दिवाळीत ते विकत घेतलेल्या अंकांवर दाखल क्रमांक घालतात आणि इमारतीतील वाचकांना ते रीतसर नोंदवहीत टिपून देतात. एका वसुबारसेला अंक न्यायला आलेल्या, मराठीत एम. ए. करणाऱ्या मुलीने त्यांना विचारले, “काका, दिवाळी किती जुनी?” ते म्हणाले, “कोणती? दिव्यांची, अभ्यंगस्नानाची, फटाक्यांची की या अंकांची? प्रत्येकीचे कपाट वेगळे आहे.”

उत्तर मिस्कील होते, पण त्यात एका व्यवसायाची शिस्त होती. ग्रंथपाल विषयाचे तुकडे पाडतो, प्रत्येकाला जागा देतो आणि मगच शोधू लागतो. दिवाळीच्या बाबतीत ही शिस्त पुण्यातच, याच व्यवसायातील एका माणसाने आचरून दाखवली आहे. ते म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१).

संस्थेची स्थापना १९१७ सालची. मुंबई सरकारने १८६६ पासून जमवलेला आणि डेक्कन कॉलेजात ठेवलेला हस्तलिखितांचा मोठा संग्रह पुढच्याच वर्षी तिच्याकडे आला. गोडे सुमारे चार दशके या संग्रहाचे क्युरेटर होते. पोथ्या सांभाळायच्या, त्यांच्या सूची करायच्या, गावोगावच्या अभ्यासकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची, हे त्यांचे रोजचे काम. या कामाच्या पोटातून त्यांचे शेकडो लेख निघाले. विषय पाहावेत : जिलबी, तांबूल, मेंदी, रांगोळी, शोभेचे दारूकाम. संस्कृत अध्ययनाची प्रतिष्ठा काव्यशास्त्र आणि दर्शने यांच्याभोवती फिरत असताना हा गृहस्थ स्वयंपाकघरात आणि अंगणात पुरावे शोधत होता.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. संस्कृत ग्रंथांवर बहुधा काळाची नोंद नसते. अशा वेळी त्या ग्रंथाने ज्यांचा हवाला दिला आहे त्यांतील सर्वांत अलीकडचा ग्रंथ पाहायचा. त्यावरून पूर्वमर्यादा कळते. मग त्याचाच हवाला देणारा सर्वांत जुना ग्रंथ, किंवा नक्कल केल्याची मिती नोंदवलेली सर्वांत जुनी पोथी शोधायची, ती उत्तरमर्यादा. ही मर्यादा जवळ आणण्यासाठी असंख्य ग्रंथांचे दाखले हाताशी लागतात, आणि ते सूचीकाराच्या हाताखालून रोज जात असतात. सूचीकाराला आणखी एक सवय असते. वैद्यक, पाकशास्त्र, बखर, प्रवासवर्णन, सारे त्याच्या लेखी सारख्याच आदराने दाखल होते. गोड्यांच्या संशोधनाचे बळ या समदृष्टीत आहे असे आम्हांला वाटते.

दिवाळीच्या इतिहासावरील त्यांचे टिपण १९४५ सालच्या सुमाराचे आहे. इसवी सन ५० ते १९४५ असा त्याचा विस्तार. तरी शीर्षकात त्यांनी ‘काही टिपणे’ एवढेच म्हटले. त्या वाटेने जाणाऱ्याला दिवाळी एकदम सापडत नाही. कामसूत्रात ‘यक्षरात्री’ भेटते. टीकाकार तिला ‘सुखरात्री’ म्हणतो. सातव्या शतकात हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात दीपप्रतिपदेचा उत्सव येतो. सोमदेवसूरीच्या ‘यशस्तिलकचंपू’त (इ. स. ९५९) घरे रंगवून गच्च्यांवर दिवे लावलेले दिसतात. इ. स. १०३० च्या सुमारास अल्‌ बिरूनी स्नान, नवी वस्त्रे आणि बळीची कथा नोंदवतो. आणि तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त मराठी माणसाचे दिवाळीचे स्नान आपल्या भाषेत भेटते.

फटाक्यांचे कपाट खरोखरच निराळे निघाले. शोभेच्या दारूकामाचा भारतातील इतिहास गोड्यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांत मांडला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. विजयनगरच्या महानवमीत अब्दुर रझ्झाकने १४४३ साली आतषबाजी पाहिली होती. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात तर दारूकामाच्या कृतीच दिल्या आहेत. म्हणजे दिव्यांच्या शेजारी फटाका येऊन बसला तो पुष्कळ उशिरा. दिवाळी अंकाचे वय त्याहूनही कमी : काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली.

‘पूर्वापार’ हा शब्द आपण सणांच्या संदर्भात सहज वापरतो. त्याच्या जोरावर एखादी रूढी लादता येते, तशीच एखादी हेटाळताही येते. दोन्ही पक्षांना मितीची अडचण होते. ही अडचण निर्माण करणारा माणूस बहुधा टेबलामागे बसून चिठ्ठ्या लिहीत असतो, आणि आपण त्याला पुस्तके काढून देणारा कारकून समजतो. ५ जानेवारी २००४ रोजी याच भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली. पुस्तक पुन्हा विकत मिळू शकते. एखाद्या पोथीत काय आहे हे सांगणारी नोंद हरवली तर ती पोथी कपाटात असूनही नसल्यासारखीच होते.

धायरीचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला. येथील नव्या इमारतींत कोकणापासून मराठवाड्यापर्यंतच्या दिवाळ्या एकाच जिन्यावर नांदतात. करंजीच्या सारणावरूनही मतभेद होतात. त्या मुलीने त्या वर्षी घरोघर जाऊन कोणाकडे काय करतात, ते कोणाकडून शिकले, हे टिपून घेतले. प्रत्येक टिपणावर तारीख घालण्याची अट काकांची. अंक तिने तुळशीच्या लग्नाआधी परत केला, तशी खूण नोंदवहीत आहे. टिपणांसाठी मात्र तिने त्यांच्याकडून एक रिकामा खोका मागून नेला. तो परत आलेला नाही, आणि काकांनीही तो मागितलेला नाही.