धांदरटपणाचा इतिहास

मला नैराश्याचा आजार आहे, हे नातेवाइकांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९८७ साली पहिल्यांदा गोळ्या सुरू झाल्या, मग सुटल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. पण वयाच्या ६८व्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या शेजारी आणखी एक नाव लिहिलं. प्रौढांमधला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात अडचण येण्याचा विकार. "हे तर लहान मुलांचं असतं ना? आणि या वयात?" असं फोनवर मला निदान दहा जणांनी विचारलं. मी इतिहासाची शिक्षिका. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा या आजाराचा इतिहासच सांगते.

१७९८ साली अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मनाच्या विकारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक प्रकरण खास 'लक्ष' या विषयावर आहे. काही माणसांचं मन एका गोष्टीवर ठरतच नाही, बारीकसा आवाजही त्यांना अस्वस्थ करतो, आणि हे जन्मापासून असू शकतं, असं त्याने नोंदवलं. पण वयाबरोबर हे बहुधा कमी होतं, असंही तो लिहून गेला. ही समजूत पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं टिकली!

फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिश हॉफमन यांनी आपल्या लहान मुलासाठी चित्रांचं पुस्तक केलं, ते १८४५ साली छापलं गेलं. त्याच्या गोष्टींमध्ये जेवणाच्या टेबलाशी स्थिर न बसणारा फिलिप आला, आणि आकाशाकडे बघत चालणारा हान्सही. एक वळवळ्या आणि एक तंद्रीतला. वळवळ्या सगळ्यांना दिसतो, तंद्रीतल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मुलींच्या बाबतीत तर हे फार घडतं. १९०२ साली लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी ४३ मुलांची माहिती आपल्या व्याख्यानांत मांडली. मुलांची बुद्धी चांगली, पण स्वतःवर ताबा नाही. स्टिल यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. 'नैतिक' हा शब्द तेव्हा थोड्या वेगळ्या अर्थाने वापरत, तरी त्याचा डाग काही पुसला गेला नाही.

औषधाचा शोध मात्र अपघाताने लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली काम करत. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांची डोकी दुखत, त्यावर त्यांनी बेन्झेड्रीन देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली! १९३७ साली त्यांनी ३० मुलांवरचा अनुभव छापला. त्यातल्या १४ मुलांच्या शाळेतल्या कामात मोठी सुधारणा होती. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणत. पुढे १९४४ मध्ये सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केलं. त्यांच्या पत्नीचं नाव मार्गेरित, लाडाने रिटा, म्हणून औषध झालं 'रिटालिन'.

तरीही हा लहान मुलांचाच आजार मानला जाई. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ साली आपल्या निदान-पुस्तिकेत त्याची नोंद केली, ती बालपणातली अतिचंचलता म्हणून, आणि किशोरवयात ती ओसरते असं म्हणून. १९७६ मध्ये यूटा विद्यापीठातल्या पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी १५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास छापला. चंचलता बाहेरून कमी झाली तरी आतली अस्वस्थता आणि विस्कळीतपणा मोठेपणीही राहतो, हे त्यातून पुढे आलं. वेंडर रुग्णाच्या पालकांकडूनही त्याच्या बालपणाची माहिती घेत. १९८० च्या पुस्तिकेत 'चंचलतेशिवायचा' प्रकार आला, म्हणजे आपला तंद्रीतला हान्स. २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष थोडे सैल झाले.

आता नैराश्याचं. २००६ साली रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाहणीचे आकडे दिले. १८ ते ४४ वयाच्या प्रौढांपैकी ४.४ टक्क्यांना एडीएचडी होता, आणि त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना त्या वर्षात नैराश्य किंवा मनःस्थितीचा दुसरा एखादा विकारही होता. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. दोन्ही आजारांचा अनुवंश काही अंशी सामाईक आहे. शिवाय वर्षानुवर्षं कामं अर्धवट राहणं आणि बोलणी खाणं, यांनी मन खचतं. आणि नैराश्यातही लक्ष लागत नाही, त्यामुळे एक आजार दुसऱ्याच्या आड लपतो. फरक असा की नैराश्य बहुधा मधूनमधून येतं, एडीएचडी मात्र लहानपणापासून सोबत असतो.

माझे आईवडील आता नाहीत, म्हणून डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीला बोलावलं. ताई म्हणाली, "हिला गिरणीत पाठवलं की ही गोष्टी ऐकून परत यायची, डबा तिथेच." मग माझ्या नोकरीचं निघालं. पानिपत मी पुस्तक न उघडता तासभर शिकवत असे, पण टाचणवही कायम अपुरी, कॅटलॉगची महिनाअखेरची बेरीज कधी जुळायची नाही, आणि पेपरांचे गठ्ठे शेवटच्या रात्री. जे बाकीच्या बाई मधल्या सुट्टीत उरकत, त्यासाठी मी पहाटे चारला उठत असे. त्या दमणुकीनंतर जो काळोख यायचा, त्याला आम्ही नुसतं नैराश्य म्हणत आलो.

डॉक्टरांनी आधी नैराश्य आटोक्यात आणलं. मग रक्तदाब आणि हृदय तपासून दुसरं औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं. (कुणीही माझं बघून औषध घेऊ नका, हे बाईंचं सांगणं समजा.) एक वही, फोनमधले गजर, आणि कामाचे छोटे तुकडे, हेही औषधाइतकंच उपयोगी पडतं. आजार दोन्ही आहेत, गेलेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे मी फोनही उचलत नव्हते. पण आता "मीच आळशी" हे पालुपद त्यात नसतं, आणि अंथरुणातून उठायला तेवढं पुरतं.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण घरचंच आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजारात अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्के धरतात. म्हणजे दर मुलाला होतो असं नाही, पण आपल्या घरात पाहायला हवं. आपल्याकडे 'वेंधळी', 'कुठे हरवलीय' म्हणून हसण्यावारी नेलेली एक भाची आहे, आणि अलीकडे ती फारशी बोलत नाही. तिला चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्रीबेरात्री मन फारच खचलं तर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. मला हे समजायला ६८ वर्षं लागली. तिला तेवढी लागू नयेत.