बेंजामिन फ्रँकलिन यांचे मृत्युपत्र

अमेरिकी मुत्सद्दी, मुद्रक व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांनी १७ जुलै १७८८ रोजी मृत्युपत्र केले व २३ जून १७८९ रोजी त्यास पुरवणी जोडली. अपत्यांची तजवीज, राजकीय मतभेदाचा वारशावर झालेला परिणाम आणि सार्वजनिक कार्यासाठी केलेली दीर्घ मुदतीची तरतूद यांमुळे हा दस्तऐवज अभ्यासला जातो.

अपत्यांची तजवीज

फ्रँकलिन यांच्या पत्नी डेबोरा १७७४ मध्ये आणि धाकटा मुलगा फ्रान्सिस १७३६ मध्येच देवीच्या रोगाने निधन पावले होते. मृत्युपत्र करतेवेळी विल्यम व सारा ही दोन अपत्ये हयात होती.

विल्यम हा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला पुत्र. तो न्यू जर्सीचा शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर होता व स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाच्या पक्षाला राहिला. वडिलांनी त्याला नोव्हा स्कॉशियातील जमिनीवरील हक्क व त्याच्याकडे असलेली पुस्तके आणि कागदपत्रे दिली व त्याच्याकडील येणे माफ केले. युद्धातील त्याची विरोधी भूमिका हेच अधिक काही न देण्याचे कारण असल्याचे मृत्युपत्रात स्पष्ट नमूद आहे.

मिळकतीचा मोठा भाग सारा व तिचे पती रिचर्ड बाश यांना मिळाला. फिलाडेल्फियातील राहत्या घरासह काही मालमत्ता दोघांना हयातीपुरती देण्यात आली आणि त्यांच्यामागे ती साराच्या सर्व मुलांकडे जावी, असे ठरले. थोरल्या मुलालाच वारसा देण्याची इंग्लंडमधील प्रथा येथे पाळलेली नाही. जावयाचे कर्ज माफ करताना, त्याने बॉब नावाच्या आपल्या गुलामास मुक्त करावे, अशी अट होती. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने भेट दिलेले, ४०८ हिरे जडवलेले त्याचे लघुचित्रही साराला मिळाले. त्या हिऱ्यांचे दागिने घडवू नयेत, अशी विनंती त्यात होती. पुढे साराने काही हिरे विकून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च भागवला.

अन्य वाटणी

विल्यमचा पुत्र टेम्पल याला फ्रँकलिन यांची हस्तलिखिते मिळाली. साराचा पुत्र बेंजामिन याला मुद्रणाचे खिळे व साहित्य मिळाले. बहीण जेन मेकम हिला बॉस्टनमधील घर व वार्षिक रक्कम देण्यात आली.

सार्वजनिक निधी

पुरवणीनुसार बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड मिळाले. पंचवीस वर्षांखालील, उमेदवारी पूर्ण केलेल्या विवाहित कारागिरांना यातून ५ टक्के व्याजाने कर्ज द्यावयाचे होते. शंभर वर्षांनी काही रक्कम सार्वजनिक कामांसाठी खर्च करून उर्वरित निधी आणखी शंभर वर्षे वाढू द्यावा, अशी योजना होती. दोनशे वर्षांची मुदत संपली तेव्हा, १९९० च्या सुमारास, बॉस्टनचा निधी सुमारे ५० लाख डॉलर, तर फिलाडेल्फियाचा सुमारे २० लाख डॉलर झाला होता.