शुभेच्छापत्रांची जन्मकथा

वसंतातल्या या ज्ञानसत्रात राजकारण, अर्थकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय नेहमी येतात. त्यांच्या पंक्तीला शुभेच्छापत्रांसारखा किरकोळ विषय आणून बसविल्याबद्दल श्रोत्यांनी आम्हांस क्षमा करावी. पण इतिहास केवळ तहांत आणि लढायांत असतो असे नाही; तो घराच्या माळ्यावरील ट्रंकेतही असतो.

अशीच एक ट्रंक आम्ही मागे संक्रांतीच्या सुमारास उघडली. तीत जुन्या पत्रांबरोबर संक्रांतीची आणि दिवाळीची छापील कार्डे गठ्ठ्याने होती. ती आम्ही चाळली आणि रद्दीत टाकली. मग एक जाड कागदाची घडी हाती लागली. वर रंगीत पेन्सिलीने काढलेली तिळगुळाची वाटी, आत दोन ओळी आणि कागदाला सुईदोऱ्याने टाचलेली इवलीशी पुडी. आत्याने सासरहून आमच्या आजोबांना ती पाठविली होती. पुडीतला हलवा मुंग्यांनी कधीच नेला होता, वाटीही जरा वाकडीच होती. पण ती घडी रद्दीत टाकण्यास आमचा हात धजेना. असे का व्हावे? गोड बोलण्याची विनंती दोन्हीकडे तीच, आणि सुबकपणा तर छापील कार्डांतच अधिक. या कोड्याचे उत्तर शोधताना आम्हांस शुभेच्छापत्रांच्या छपाईचा इतिहास चाळावा लागला, आणि त्यासाठी, अर्थात पुस्तकांतूनच, विलायतेस जावे लागले.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 14 फेब्रुवारीला, म्हणजे संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी, प्रियजनांना चिठ्ठी देण्याची चाल होती. ही चिठ्ठी घरीच बनत असे. कोणी कात्रीने कागदाची नक्षी कापी, कोणी सुईच्या टोकाने भोके पाडून फुले उठवी, कोणी कागदाला अशा घड्या घाली की एकेक उलगडताना एकेक ओळ वाचावयास मिळावी. टपाल त्या काळी महाग होते. अंतर आणि कागदांची संख्या पाहून आकार ठरे, लिफाफा घातला तर तो आणखी एक कागद म्हणून मोजला जाई, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागत. साहजिकच पुष्कळशा चिठ्ठ्या हातोहात पोचत.

या कामात पहिली उसनवारी झाली ती शब्दांची. चित्र जमते पण कविता जमत नाही, अशांची अडचण ओळखून 1797 मध्ये ‘यंग मॅन्स व्हॅलेंटाईन रायटर’ नावाचे आयत्या पद्यांचे पुस्तक निघाले. प्रेम आपले आणि काव्य दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली. तरी कागद कापणारा आणि पद्य उतरून घेणारा हात अजून पाठविणाऱ्याचाच होता.

पुढे रोलंड हिलच्या खटपटीने 10 जानेवारी 1840 रोजी पेनी टपाल सुरू झाले. अर्ध्या औंसाचे पत्र ब्रिटनमध्ये कोठेही एका पेनीत जाऊ लागले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकिटेही आली. पत्रांचा पूर लोटला. त्या पुरात सापडलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणजे हेन्री कोल. टपालाच्या या सुधारणेत त्यांनी स्वतः हातभार लावलेला, आणि आता नाताळच्या पत्रांना उत्तरे लिहिण्यास त्यांनाच वेळ पुरेना! तेव्हा 1843 मध्ये त्यांनी जॉन कॅलकट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापावर काढविल्या. मध्ये मेजवानीस बसलेले कुटुंब, दोन बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्ये, खाली छापील शुभेच्छा, आणि पाठविणाराचे व घेणाराचे नाव लिहिण्यापुरती मोकळी जागा. चित्रात लहान मुलाच्या ओठांशी मद्याचा पेला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले, ती गोष्ट निराळी. शिल्लक प्रती एकेक शिलिंगास विकावयास ठेवल्या होत्या. शिलिंगाच्या तेव्हा बारा पेन्या होत. म्हणजे एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रे टपालाने गेली असती.

येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबून पाहावे. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र जन्मास आले, ते सवडीच्या अभावी. मात्र त्यातले रंग हातांनीच भरलेले होते. फक्त ते हात मोलाचे होते.

मोलाच्या हातांची खरी कहाणी अमेरिकेत घडली. वूस्टर गावी एका कागदविक्याची एस्थर हाउलंड नावाची मुलगी 1847 मध्ये शिक्षण पुरे करून घरी आली. इंग्लंडहून आलेली एक नाजूक व्हॅलेंटाईन चिठ्ठी तिच्या पाहण्यात आली आणि तशा चिठ्ठ्या आपणही करू असे तिने मनावर घेतले. भाऊ फिरतीवर निघाला तेव्हा तिने नमुने त्याच्याबरोबर दिले. दोनशे डॉलरांचे काम मिळाले तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा. भाऊ परतला तो पाच हजारांहून अधिक डॉलरांच्या मागण्या घेऊन, असे सांगतात. मग तिने मैत्रिणी जमवून कामाची वाटणी केली. एकीने चित्रे कापावी, दुसरीने कागदी लेस लावावी, तिसरीने डकवावे. पुढे 1879 मध्ये तिने पद्यांची पुस्तिकाही काढली. गिऱ्हाइकाने आवडेल ते पद्य निवडून आत चिकटवावे अशी सोय त्यात होती. प्रत्येक चिठ्ठी हातांनी केलेली, यात खोटे काहीच नव्हते. परंतु ती पाठविणाऱ्याच्या हातची मात्र नव्हती. ‘हातची वस्तू’ आणि ‘आपल्या हातची वस्तू’ यांतले अंतर येथे स्पष्ट होते.

यानंतरचा प्रवास भरभर झाला. ब्रिटनमध्ये 1870 पासून कार्ड अर्ध्या पेनीत जाऊ लागले. बोस्टनचे लुई प्रँग यांनी रंगीत शिळाछापाची कला इतकी वाढविली की 1875 च्या सुमारास अमेरिकेतही नाताळची कार्डे रूढ झाली. शब्द गेले, चित्र गेले, रंगही गेले. पाठविणाराकडे उरली ती सही.

आपल्याकडे पोस्टकार्ड आले 1879 मध्ये, पाव आण्याचे. ते कोरे होते, हीच त्याची थोरवी. शांतिनिकेतनात कलाभवनाचे प्रमुख असलेले नंदलाल बोस अशा कोऱ्या कार्डांवर शाईच्या चार रेघांनी आसपासचे झाड, जनावर किंवा माणूस रेखाटून शिष्यांना आणि स्नेह्यांना पाठवीत. एवढ्या मोठ्या चित्रकारानेही यासाठी सवड काढली, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आता आम्ही पुन्हा ट्रंकेकडे वळतो. आत्या काही नंदलाल नव्हे. पण भरल्या घराच्या रामरगाड्यातून, दुपारची चार भांडी बाजूला सारून, तिने कधीतरी पेन्सिली मागून घेतल्या असतील, दोरा ओवला असेल आणि तेवढा वेळ माहेरचा विचार केला असेल. त्या कागदात साठवलेला आहे तो हा वेळ. हेन्री कोल यांच्याजवळ जे नव्हते, नेमके तेच तिने पाठविले होते. छापील कार्ड वाईट नव्हे. त्याने हजारो घरी आठवण पोचविली. पण त्यातून वेळ पाठविता येत नाही. आज तर सणाच्या सकाळी मोबाईलवर आयती चित्रे एका बोटासरशी शंभर जणांकडे जातात, आणि आमच्याकडूनही जातात, हे कबूल केलेले बरे.

ती आयती चित्रे बंद करावीत असा उपदेश करण्यास आम्ही उभे राहिलो नाही. शंभरांना ती खुशाल जावोत. पण येत्या संक्रांतीस एका माणसासाठी, एकाच, आपण कागदाची घडी घालावी. वाटी वाकडी आली तरी चालेल. आजोबांनी ती वाकडी वाटीच जन्मभर जपून ठेवली होती.