हायवेकाठचा व्यापारी पट्टा: आधी झोन की आधी रस्ता?

तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग 361 चे चौपदरीकरण सुरू झाले, तेव्हापासून लातूर आणि नांदेड दोन्हीकडे एक मत जवळपास सर्वमान्य झाले आहे. महामार्गालगतची जमीन ग्रीन झोनमधून काढून व्यापारी करा; शोरूम, मंगल कार्यालये, गोदामे आपोआप येतील, शेतकऱ्याला भाव मिळेल, महापालिकेला कर मिळेल. यावर शंका घेणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरवले जाते.

हा पक्ष पोकळ नाही. रस्त्यासाठी जमीन गेल्यावर उरलेल्या कोरडवाहू तुकड्यातल्या सोयाबीनवर घर चालत नाही. जकात गेली, एलबीटी गेला, 2017 पासून जीएसटीच्या भरपाईवर महापालिका उभ्या आहेत. त्यांना मालमत्ता कर वाढवावासा वाटणे रास्तच आहे. पण या सगळ्या मांडणीच्या तळाशी असलेले गृहीतच चुकीचे आहे. झोन बदलला की रस्त्यावर यायचा हक्कही मिळतो, असे ते गृहीत आहे.

तो मिळत नाही. जमिनीवर काय बांधता येईल हे 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम ठरवतो. राष्ट्रीय महामार्गावर कोण चढेल हे मात्र 2002 चा महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा ठरवतो. त्याचे कलम 28 स्पष्ट आहे: महामार्ग प्रशासनाच्या परवानगीविना वाहनाने महामार्गावर प्रवेश करण्याचा हक्क कोणालाच नाही, पाच किंवा अधिक माणसांच्या गटाला तर पायीसुद्धा नाही. म्हणजे नगररचना विभागाने नकाशाचा रंग बदलला तरी रस्त्याकडचे दार उघडत नाही. ‘हायवे टच’ म्हणून प्लॉट घेणाऱ्याला ही गोष्ट बहुतेक वेळा बांधकाम उभे राहिल्यावर कळते. मग मुरूम टाकून उतार केला जातो, दुभाजक फोडला जातो आणि पेट्रोल वाचवायला मोटारसायकली उलट्या दिशेने धावतात. ऐंशीच्या वेगातला ट्रक आणि आडतीवर सोयाबीन घेऊन निघालेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली एकाच पट्ट्यात येतात. यात जीव जातो तो आपल्याच गावातल्या माणसाचा.

‘सेवा रस्ता नंतर करू’ हे याला दिले जाणारे उत्तर. त्याचा निकाल मराठवाड्याने छत्रपती संभाजीनगरात पाहिला आहे. शहराबाहेरून जावा म्हणून केलेला बीड बायपास वस्तीने दोन्ही बाजूंनी वेढला, अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. सेवा रस्त्यासाठी महापालिकेला बांधकामे पाडावी लागली आणि सोलापूर–धुळे वाहतुकीसाठी आणखी बाहेरून नवा बायपास काढावा लागला. हा अनुभव नवाही नाही. ब्रिटनने रस्त्याकाठच्या अशा पट्टेवजा बांधकामाला आवर घालणारा कायदा 1935 मध्येच केला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनेही शहराबाहेरच्या मोकळ्या भागासाठी रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा सांगितली आहे.

करवाढीचा युक्तिवाद तर उलटाच फिरतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. आज जमीन व्यापारी करायची आणि उद्या त्याच जमिनीतून सेवा रस्ता काढायचा, म्हणजे महापालिकेने आधी स्वतःच भाव चढवायचा, मग तो दुपटीने मोजायचा, वर बांधकामाची किंमत द्यायची. घरपट्टीतून ही तूट भरून निघेल असे मला वाटत नाही.

शेतकऱ्याच्या नावाने बोलणाऱ्यांना एकच विचारतो: झोन बदलाची चर्चा सुरू होते तेव्हा पहिल्या रांगेचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? आणि मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याचे काय? पुढे दुकानांची भिंत उभी राहिली की त्याची बैलगाडीची वाटही बुजते.

बाजार कसा वसवावा हे लातूरला बाहेरून शिकायची गरज नाही. निजामाच्या राजवटीत आखलेल्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. तिथे रस्ते आणि पेठा एकत्र आखल्या गेल्या, आणि माणूस थांबावा म्हणूनच ती जागा होती. महामार्ग न थांबता जाण्यासाठी असतो. त्याच्यावर पेठ लादली की पेठही बसत नाही आणि रस्ताही राहत नाही.

म्हणून व्यापारी विभागाला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. त्याच 1966 च्या अधिनियमात नगररचना परियोजनेची सोय आहे. जमिनी एकत्र करायच्या, त्यातून समांतर रस्ता काढायचा आणि प्रत्येकाला लहान पण रस्ता असलेला भूखंड परत द्यायचा. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ असेच वसले. यात मागच्या रांगेलाही वाटा मिळतो आणि महामार्गावर चढायची जागा ठरावीक ठिकाणीच राहते.

1966 च्या अधिनियमाच्या कलम 37 खाली झोन बदलाचा प्रस्ताव आला की महापालिकेला हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. लातूर-नांदेडकरांनो, ती सूचना वाचा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. त्यात दोनच गोष्टी विचारा: सेवा रस्ता नकाशावर कुठे आहे, आणि महामार्ग प्रशासनाची प्रवेश परवानगी कुठे आहे? दोन्ही कागद समोर येईपर्यंत ठराव मंजूर होऊ देऊ नका.