गर्भनिरोधक गोळी आणि यकृताचा पहारा

औषध गिळलें म्हणजे तें शरीरास लाभलेंच, अशी सामान्य समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. आंतड्यांतून रक्तांत उतरलेले बहुतेक पदार्थ प्रथम यकृताकडे जातात. नगराच्या वेशीवर जकातीचा नाका असावा, तसें हें यकृत आहे. तेथें परक्या मालाची झडती होते आणि पुष्कळसा माल पुढें जाण्यापूर्वींच मोडला जातो. संततिनियमनाच्या गोळीचा इतिहास म्हणजे या नाक्याशीं रसायनशास्त्रानें केलेल्या झगड्याचा इतिहास होय. आणि त्याची किंमत मात्र स्त्रियांनीं दिली.

स्त्रीच्या बीजकोशांतील हॉर्मोनें, म्हणजे अंतःस्राव, बाहेरून दिल्यास गर्भधारणा टळेल, ही कल्पना ऑस्ट्रियांतील लुडविग हाबरलांट यानें १९२१ सालीं मांडली. पुढें १९३७ सालीं प्रोजेस्टेरॉन टोंचलेल्या सशिणींचें बीज सुटत नाहीं, हें अमेरिकेंत सिद्ध झालें. अडचण होती ती तोंडावाटें देण्याची. नैसर्गिक अंतःस्राव यकृताच्या ओळखीचे. त्यांस मोडण्याची कला त्यास जन्मतःच अवगत. १९५० नंतरच्या दशकांत ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक यांनीं स्त्रियांस प्रोजेस्टेरॉन गिळावयास दिलें, तेव्हां रोज ३०० मिलिग्रॅम द्यावें लागे, आणि तरीहि खात्री नसे.

या कोड्याची किल्ली बर्लिनमध्यें त्यापूर्वींच सांपडली होती. शेरिंग कंपनीच्या प्रयोगशाळेंत इन्होफेन व होलवेग यांनीं १९३८ सालीं इस्ट्राडिऑलच्या रेणूस कार्बनच्या दोन अणूंची एक लहानशी शेपटी जोडली. यकृत ज्या जागीं घाव घालतें, नेमकी तीच जागा या शेपटीनें झांकली गेली. हेंच एथिनिल-इस्ट्राडिऑल. पुढें मेक्सिकोंत रानटी कंदांपासून असे पदार्थ स्वस्तांत करण्याची रीत रसेल मार्कर यानें दाखविली. आणि १९५१ च्या ऑक्टोबरांत तेथील सिंटेक्स कंपनींत कार्ल जेरासी व जॉर्ज रोझेनक्रांट्झ यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या लुइस मिरामोंतेस या तरुणानें नॉरएथिस्टेरॉन तयार केलें. तेंहि अशाच शेपटीचें.

अशी गोळी गिळली म्हणजे काय होतें? एक-दोन तासांत औषध रक्तांत शिखरास पोंचतें. तथापि आंतड्याची भिंत व यकृत मिळून एथिनिल-इस्ट्राडिऑलचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच फेरींत निकामी करतात. त्यास गंधकाम्लादि द्रव्यांशीं जखडून पित्तावाटें आंतड्यांत सोडतात. तेथें सूक्ष्म जंतु हीं बंधनें तोडतात आणि सुटलेला कांहीं अंश पुन्हां रक्तांत शिरतो. उरलेलें मूत्रावाटें व मलावाटें बाहेर पडतें. एका अहोरात्रांत रक्तांतील प्रमाण साधारणपणें निम्म्यावर किंवा त्याखालीं येतें. रोज ठराविक वेळीं गोळी घेण्याचा नियम यांतूनच निघाला आहे.

१९५६ सालीं प्वेर्तो रिको बेटावरील रिओ पिएद्रास येथें गरीब वस्तींतील स्त्रियांस एनोव्हिड गोळी देण्यांत आली. तींत नॉरएथिनोड्रेल १० मिलिग्रॅम होतें, आणि १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल. हें मेस्ट्रानॉल स्वतः दुबळें. यकृतच त्याचें एथिनिल-इस्ट्राडिऑल बनवितें. हा प्रयोग आहे, हें त्या स्त्रियांस सांगितलें नव्हतें. देखरेख करणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनीं कळविलें कीं, सुमारें १७ टक्के स्त्रियांस मळमळ, घेरी, वांत्या असा त्रास होतो. सरसकट वापरास ही गोळी योग्य नव्हे. पिंकसनें या तक्रारी बव्हंशीं मनाचे खेळ मानल्या. १९६० सालीं अमेरिकन सरकारनें गर्भनिरोधासाठीं गोळीस परवानगी दिली.

परंतु नाका चुकवून जाणारा माल नाक्यावरच सत्ता गाजवूं लागतो. सहज न मोडणारें हें द्रव्य यकृताकडून रक्त गोठविणारे घटक अधिक प्रमाणांत करून घेतें. १९६१ सालीं इंग्लंडांतील डॉ. जॉर्डन यांनीं ही गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुफ्फुसांत रक्ताची गुठळी अडकल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें पुरावा वाढला, आणि १९६९ सालीं ब्रिटनमध्यें ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेन देऊं नये असा सल्ला निघाला. १९७० सालीं अमेरिकन सेनेटच्या चौकशींत स्त्रियांनीं उभें राहून विचारलें कीं, आम्हांस कोणीच कां बोलावलें नाहीं? गोळीबरोबर धोक्याचें पत्रक देण्याची पद्धत त्यानंतरच पडली. आजच्या बहुतेक गोळ्यांत एथिनिल-इस्ट्राडिऑल २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतें.

मात्रा उतरली तशी दुसरी बाजूहि उघडी पडली. क्षयावरील रिफाम्पिसिन हें औषध यकृताचा पहारा दुप्पट कडक करतें. तें घेणाऱ्या स्त्रियांच्या गोळ्या निष्फळ होत असल्याचें १९७१ पासून दिसूं लागलें. क्षयानें गांजलेल्या हिंदुस्थानास ही गोष्ट विशेष महत्त्वाची. याच देशांत, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत, निराळ्या जातीचें सेंटक्रोमॅन तयार झालें. शरीर तें इतक्या सावकाश बाहेर टाकतें कीं, पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां गोळी पुरते. १९९१ पासून तें 'सहेली' नांवानें मिळूं लागलें.

दीडशें मायक्रोग्रॅमवरून तिसावर येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. इतकी थोडी मात्रा पुरते, हें आधीं पडताळतां आलें असतें. रिओ पिएद्रासच्या बायांनीं तर आपल्याला त्रास होतो हें पहिल्याच वर्षीं सांगितलें होतें.