पालि वाङ्मयातील शंख आणि त्यातील जीव

भिवपुरीच्या परिसरात शंख सापडत नाहीत. पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावर दिसतात त्या गोगलगाई. तरीही हे टिपण आम्ही येथूनच सुरू करीत आहोत, याचे कारण उल्हास नदी. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. त्या खोऱ्यातले पाणी घेऊन ही नदी कर्जत, नेरळवरून कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कोंडाण्याचे चैत्यगृह इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या दर्शनी भागातील शिल्पाजवळ कण्हाचा शिष्य बालक याचा ब्राह्मी लेख आहे. घाटमाथ्याचा माल ज्या कल्याण व सोपारा बंदरांकडे उतरे, त्यांच्याच वाटेवरचे हे लेणे होय.

नद्या समुद्राला मिळाल्यावर आपली नावे गमावतात, त्याप्रमाणे संघात प्रवेश करणारे वर्ण गमावतात, हा दृष्टांत आपल्या वाचकांना परिचित आहे. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात तो सांगितला होता. मात्र त्याच प्रवचनात समुद्राच्या रत्नांची यादी आहे आणि मोती, प्रवाळ यांच्यासोबत शंखही त्यात मोजला आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

हे रत्न घडते कसे? भारतीय शंख, शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, हा गोगलगाईच्याच वर्गातील मृदुकाय प्राणी. तो मुख्यतः मन्नारच्या व कच्छच्या आखातात आढळतो, म्हणजे कोकणात येणारा शंख बहुधा गलबतांतूनच येत असणार. वाळूत राहून तो समुद्री कृमी खातो. अंगावरील आवरणातून चुना स्रवून तो आयुष्यभर आपले घर वाढवितो, आणि संकट आले की आत शिरून शिंगासारख्या कठीण झाकणाने दार लावून घेतो. जिवंत शंख पांढराशुभ्र नसतो. त्यावर तपकिरी साल असते. ती खरवडल्यावरच खालचा पांढरा रंग दिसतो. ब्रह्मचर्याला सुत्तांतून ‘संखलिखित’ म्हणजे घासून उजळलेल्या शंखासारखे म्हटले आहे. ही उपमा शंख घासणाऱ्या कारागिराचे काम ज्याने पाहिले त्यालाच सुचेल. विनयपिटकात भिक्षूला अंजनाची डबी कोणकोणत्या पदार्थांची चालेल, ते सांगताना ‘संखनाभि’, म्हणजे शंखाचा मधला गाभा, याचाही उल्लेख येतो. बांगड्यांसाठी कडी कापून घेतल्यावर हाच भाग उरतो. कारखान्यातील उरलेला तुकडा भिक्षूच्या डबीला पुरत असावा, असे आमचे अनुमान आहे.

शंख वाजविणाऱ्याची गोष्ट दीघनिकायातील पायासिसुत्तात आहे. देह उलथापालथा करूनही जीव दिसत नाही, असे पायासि राजा म्हणतो. कुमार कस्सप त्याला उत्तर देताना सीमेवरच्या एका गावाची कथा सांगतात. शंख वाजविणारा गावात येतो, तीन वेळा शंख फुंकतो व तो जमिनीवर ठेवतो. एवढा गोड आवाज कोणाचा म्हणून लोक जमतात, आणि शंखाचा म्हटल्यावर शंखालाच विनवू लागतात, ‘बोल!’ ते त्याला उताणे करतात, पालथे करतात, काठीने मारतात. शंख गप्पच. मग तो मनुष्य शंख उचलून पुन्हा फुंकतो आणि लोकांना उमगते की पुरुष, प्रयत्न व वारा एकत्र आले म्हणजेच आवाज होतो. शंखाच्या अंगी मंगलता नाही, सामर्थ्य नाही, हे ही कथा आपोआप सांगून जाते.

तथापि एक गोष्ट कथेत राहून जाते. ज्याचे ते घर होते, तो प्राणी कोठे गेला, हे गावकरी विचारीत नाहीत. समुद्रातून काढलेला शंख बहुधा जिवंतच असतो. मांस कुजवून किंवा उकळून आतला देह काढला जातो. प्राणातिपातापासून विरती घेणाऱ्या उपासकाच्या घरी तो ठेवावा काय, या प्रश्नाचे उत्तर सुत्तात तयार मिळत नाही. मात्र तो शुभ मानून विकत घेणे हे पायासिच्या गावकऱ्यांच्याही मागे जाणे आहे, असे आम्हांस वाटते.

‘दक्षिणावर्ती’ म्हणून मोठ्या किमतीला विकला जाणारा शंख पुष्कळदा मूळ शंखच नसतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर एक वेगळी मोठी गोगलगाय असते. तिचे वेटोळे स्वभावतःच उलट्या दिशेचे असते. तिचे कवच येथे त्या नावाने खपते. किनाऱ्यावर वाहून आलेला शंखही रिकामा असेलच असे नाही, कारण मूळ जीव मेल्यावर त्या घरात शंखात राहणारा खेकडा बिऱ्हाड करतो, आणि वाढला म्हणजे दुसरे मोठे घर शोधतो.